नंबरांचं बिऱ्हाड नेमकं कुठे?

लिनक्स वापरणाऱ्याला हमखास ऐकावं लागणारं एक वाक्य आहे: "बाकी सगळं ठीक आहे हो, पण फोनमधले कॉन्टॅक्ट त्यावर येत नाहीत ना!" असं म्हणणाऱ्याने बहुधा एकदा केबल लावून पाहिलेली असते. फोटो दिसतात, गाणी दिसतात, डाउनलोडचं फोल्डर उघडतं, नंबर मात्र कुठेच सापडत नाहीत. मग खापर लिनक्सच्या डोक्यावर फुटतं. तीच केबल विंडोजच्या कॉम्प्युटरला लावली तरी हेच दिसेल, हे तपासायला कोणी जात नाही.

केबलवरून अँड्रॉइड फोन एमटीपी या पद्धतीने फक्त फायली दाखवतो. कॉन्टॅक्ट अशा मोकळ्या फायलींत नसतातच. ते सिस्टिमच्या राखीव जागेत, एका डेटाबेसमध्ये असतात आणि ज्या अ‍ॅपला तुम्ही परवानगी द्याल त्यालाच ते वाचता येतात. केबलचा हा आग्रह नोकियाच्या जमान्यातला आहे. तेव्हा नोकियाची पीसी सूट केबलवरून फोनबुक कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, आणि ती फक्त विंडोजवर चालायची. लिनक्सवाले त्यासाठी गामू नावाचा प्रोग्राम वापरत. फोन बदलले, पद्धत बदलली, समजूत तेवढी मागे राहिली.

आजच्या पद्धतीत फोन आणि डेस्कटॉप एकमेकांशी थेट बोलतच नाहीत. दोघेही आपापल्या वेळी एका सर्व्हरवर जातात, तिथल्या अ‍ॅड्रेस बुकात काय बदललं ते विचारतात आणि आपल्याकडचे बदल तिथे ठेवतात. त्यामुळे "फोन लिनक्सला कसा जोडू?" असं विचारलं की उत्तर सापडत नाही. माझ्या नंबरांनी बिऱ्हाड कुठे थाटलंय, हे आधी विचारायला हवं. ते ठरलं की निम्मं काम झालं.

"नंबर काय, फोनमध्येच आहेत"

बहुतेक घोळ इथेच आहे, म्हणून इथे जरा थांबू या.

अँड्रॉइड फोनवर कॉन्टॅक्टची यादी एक दिसते, पण ती एक नसते. काही नंबर सिमकार्डावर असतात, काही नुसते 'डिव्हाइस'वर, काही गूगलच्या खात्यात, तर काही ऑफिसच्या किंवा आणखी कुठल्या खात्यात. फोन हे सगळं एकत्र करून दाखवतो. एकाच माणसाच्या वेगवेगळ्या खात्यांतल्या नोंदी जोडून त्याचं एक पान बनवण्याची ही सोय २००९ साली अँड्रॉइड २.० मध्ये आली. सोय चांगली आहे, पण कोणता नंबर कुठे राहतो हे तिने वापरणाऱ्यापासून लपवलं.

यातले सिमवरचे नंबर सर्वांत दरिद्री. साधारण सिमवर अडीचशेच्या आसपास नोंदी मावतात, एका नोंदीला सहसा एकच नंबर, आणि नावाला जागा इतकी तुटपुंजी की देवनागरीत लिहिलेलं आडनाव अर्ध्यावर तुटतं. फोटो, ईमेल, पत्ता यांची बात सोडा. 'डिव्हाइस'वरचे नंबर दिसायला धडधाकट, पण त्यांना खातंच नसल्यामुळे ते कुठल्याही सर्व्हरवर जात नाहीत. फोन पाण्यात पडला की तेही गेले. उरले खात्यातले नंबर. सिंक होतात ते हेच.

म्हणजे "सिंक चालू आहे, तरी निम्मेच नंबर आले" ही जी नेहमीची तक्रार असते, तिच्यात सिंकचा दोष फारसा नसतो. राहिलेले निम्मे नंबर सिमवर किंवा डिव्हाइसवर बसलेले असतात. एखादा कॉन्टॅक्ट 'एडिट'साठी उघडला की तो कुठे सेव्ह आहे ते बहुतेक फोनवर वरच्या बाजूला दिसतं. चार-पाच जुने नंबर उघडून पाहिले की अंदाज येतो. शिवाय नवे नंबर आपोआप कोणत्या खात्यात जावेत, याचीही एक सेटिंग कॉन्टॅक्टच्या अ‍ॅपमध्ये असते. ती 'डिव्हाइस'वर असेल तर आज सगळं आवरून ठेवलं तरी उद्याचा नवा नंबर पुन्हा बाहेरच राहणार.

"लिनक्सवर हे करायचं म्हणजे काळ्या पडद्यावर कमांड टाइप करणं आलं"

आलं नाही. नंबर गूगलच्या खात्यात असतील, तर उबुंटू किंवा फेडोराच्या नेहमीच्या ग्नोम डेस्कटॉपवर सेटिंग्जमध्ये 'ऑनलाइन अकाउंट्स' उघडायचं, गूगल निवडायचं, पासवर्ड द्यायचा आणि 'कॉन्टॅक्ट्स'चं बटण चालू ठेवायचं. नंबर ग्नोमच्या कॉन्टॅक्ट्समध्ये आणि इव्होल्यूशन या मेलच्या प्रोग्राममध्ये दिसू लागतात. केडीई डेस्कटॉपवाल्यांसाठी हीच सोय कॉन्टॅक्ट आणि केअ‍ॅड्रेसबुकमध्ये आहे. (केडीईच्या त्या प्रोग्रामचं नावही 'कॉन्टॅक्ट'च आहे, फक्त स्पेलिंग त्यांच्या रिवाजाप्रमाणे 'के'पासून.) ज्यांना टर्मिनलचीच हौस आहे त्यांच्यासाठी व्हीडिरसिंकर आणि खार्ड आहेत, पण ती हौस आहे, गरज नव्हे.

"मग गूगलशिवाय काही होत नाही, असंच ना?"

हा गैरसमज गूगलला सोयीचा आहे. वस्तुस्थिती अशी की अ‍ॅड्रेस बुक सिंक करण्याची एक खुली, लेखी ठरलेली पद्धत आहे. तिचं नाव कार्डडॅव्ह. ऑगस्ट २०११ मध्ये ती आरएफसी ६३५२ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. त्याच महिन्यात कॉन्टॅक्टच्या नोंदीचं स्वरूप, म्हणजे व्हीकार्ड, याची चौथी आवृत्तीही आली. कार्डडॅव्ह कोणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. गूगलचे कॉन्टॅक्ट याच पद्धतीने बाहेरच्या प्रोग्रामला मिळू शकतात, अ‍ॅपलच्या आयक्लाउडचेही. आयक्लाउडसाठी नेहमीचा पासवर्ड चालत नाही, अ‍ॅपलच्या साइटवरून त्या प्रोग्रामपुरता वेगळा पासवर्ड काढावा लागतो, एवढंच.

गंमत अशी की या बाबतीत आयफोन अँड्रॉइडपेक्षा मोकळा आहे. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कार्डडॅव्हचं खातं जोडण्याची सोय मुळातच आहे. अँड्रॉइडचा पाया लिनक्सचा कर्नेल असूनही त्यात ती नाही! तिथे डॅव्हएक्स-फाइव्ह हे अ‍ॅप टाकावं लागतं. ऑस्ट्रियातल्या मंडळींनी केलेलं हे अ‍ॅप मुक्तस्रोत आहे. प्ले स्टोअरवर ते विकत मिळतं, एफ-ड्रॉइड या मुक्तस्रोत अ‍ॅपच्या भांडारात फुकट. ते एकदा बसवलं की फोनमध्ये एक नवं खातं तयार होतं आणि नेहमीचंच कॉन्टॅक्टचं अ‍ॅप ते वापरू लागतं.

सर्व्हर कुठला? नेक्स्टक्लाउड हे भरभक्कम उत्तर. त्यात फायली, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट सगळं येतं, आणि स्वतः बसवायचं नसेल तर ते चालवून देणारे लोकही आहेत. फक्त नंबर आणि कॅलेंडर हवं असेल तर रॅडिकेल पुरे. पायथनमध्ये लिहिलेला हा छोटा सर्व्हर घरातल्या रास्पबेरी पायवरही आरामात चालतो आणि प्रत्येक कॉन्टॅक्ट एका साध्या फाइलमध्ये ठेवतो, जी कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येते. मला स्वतःला रॅडिकेल आवडतं ते याच कारणाने: डेटा समोर दिसतो.

घरातला सर्व्हर म्हणजे घराबाहेर पडलं की नंबर गेले, असंही काहींना वाटतं. तसं होत नाही. पूर्ण प्रत फोनमध्ये असतेच. प्रवासात जोडलेला नंबर फोन लक्षात ठेवतो आणि घरच्या वायफायवर आल्यावर सर्व्हरला देतो. मात्र 'स्वतःचा सर्व्हर म्हणजे आपोआप सुरक्षित' हे म्हणणंही तितकंच खोटं. तो इंटरनेटवर उघडा ठेवणार असाल तर एचटीटीपीएस, नीट पासवर्ड आणि वेळच्या वेळी अपडेट ही तुमची जबाबदारी झाली. नेक्स्टक्लाउड दुसरा कोणी चालवत असेल, तर सर्व्हरचा ताबा ज्याच्याकडे आहे त्याला तुमचे नंबर वाचता येतात, हेही ध्यानात असू द्या.

डेस्कटॉपच्या बाजूला आता अडचण उरलेली नाही. थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममध्ये २०२१च्या ९१व्या आवृत्तीपासून कार्डडॅव्ह अंगभूत आहे. इव्होल्यूशन आणि केडीईकडे ते आधीपासून होतं. ग्नोमच्या ऑनलाइन अकाउंट्समध्ये मार्च २०२४च्या ४६व्या आवृत्तीत कुठल्याही सर्व्हरसाठीचा सर्वसाधारण पर्याय आला. पण दोन्हीकडे थंडरबर्ड बसवलं की नंबर आपोआप जुळतील, ही आशा धरू नका. अँड्रॉइडवरचं थंडरबर्ड फोनमधलेच कॉन्टॅक्ट वापरतं, डेस्कटॉपवरचं अ‍ॅड्रेस बुक त्याला ठाऊक नसतं.

"फाइल एक्स्पोर्ट केली, तिकडे इम्पोर्ट केली, झालं सिंक"

ती झाली नक्कल. त्या क्षणापासून दोन वेगळ्या याद्या वाढू लागतात. महिन्याभराने पुन्हा इम्पोर्ट केलं की प्रत्येक माणूस दोनदा दिसतो, कारण दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ओळखायला व्हीकार्डमध्ये एक स्वतंत्र ओळखक्रमांक लागतो आणि फोनने काढलेल्या फाइलमध्ये तो बहुधा नसतोच. कार्डडॅव्हमध्ये प्रत्येक नोंदीला असा क्रमांक असतो, शिवाय ती मध्यंतरी बदलली का हे कळावं म्हणून ईटॅग नावाची खूण असते. जुन्या प्रतीवर केलेला बदल कोणी पाठवला तर या खुणेवरून सर्व्हर तो ओळखतो आणि परत पाठवतो.

मराठीत नावं सेव्ह करणाऱ्यांना या फायलींचा आणखी एक चटका बसतो. अनेक अँड्रॉइड फोन आजही व्हीकार्डच्या २.१ या आवृत्तीत फाइल काढतात. ही आवृत्ती १९९६ची. त्यात इंग्रजीबाहेरचं अक्षर सरळ लिहिलं जात नाही, सांकेतिक लिहिलं जातं. 'स' हे अक्षर तिथे "बरोबरचं चिन्ह, ई-शून्य, बरोबरचं चिन्ह, ए-चार, बरोबरचं चिन्ह, बी-आठ" असं नऊ चिन्हांत येतं. उकार, वेलांटी, काना यांचीही प्रत्येकी नऊ. 'सुनीता' एवढ्याशा नावाची चोपन्न चिन्हं होतात. लांब नाव असेल तर ओळ मध्येच मोडून पुढच्या ओळीवर जाते. ज्या प्रोग्रामला हे जुनं लेखन उलगडता येत नाही, तो एकतर ही सगळी चिन्हं तशीच दाखवतो किंवा नाव ओळ मोडली तिथेच तोडतो. नाव बिघडलेलं दिसलं की लोक फॉन्ट शोधत बसतात. फॉन्टचा यात काडीचाही संबंध नसतो. कार्डडॅव्हवरून गेलेली नोंद व्हीकार्डच्या तिसऱ्या किंवा चौथ्या आवृत्तीत असते, तिथे देवनागरी सरळ देवनागरीच राहते.

फाइलचा उपयोग एकदाच: जुने नंबर नव्या बिऱ्हाडी हलवताना. डॅव्हएक्स-फाइव्हचं खातं जोडल्याने आधीचे नंबर आपणहून तिकडे जात नाहीत. ते एक्स्पोर्ट करून, इम्पोर्ट करताना 'कुठे ठेवू?' या प्रश्नाला नवं खातं निवडावं लागतं. ही पायरी गाळल्यामुळेच "सर्व्हर रिकामा दिसतो" म्हणणारे पुष्कळ आहेत.

"केडीई कनेक्ट आहे की!"

आहे, आणि फार छान आहे. २०१३पासूनचा हा प्रकल्प फोन आणि डेस्कटॉप एकाच वायफायवर जोडतो, नोटिफिकेशन दाखवतो, फायली देतो-घेतो. कॉन्टॅक्टही आणतो, पण एकाच दिशेने. फोनवरची नावं डेस्कटॉपवर उतरतात ती मुख्यतः आलेला एसएमएस किंवा फोन कोणाचा हे नावानिशी दिसावं म्हणून. डेस्कटॉपवर केलेली दुरुस्ती फोनमध्ये परत जात नाही. गाडीतल्या स्क्रीनवर ब्लूटूथने नंबर दिसतात, तोही असाच एकतर्फी मामला.

"सिंक आहे, म्हणजे बॅकअप आहेच"

सर्वांत महागात पडणारा गैरसमज हा. सिंक आज्ञाधारक असतं. फोनवर नंबर पुसला की सर्व्हरवरून पुसला जातो आणि तिथून डेस्कटॉपवरूनही. चूक सगळीकडे पोचवणं हेच त्याचं काम. गूगलच्या कॉन्टॅक्टच्या वेबपानावर गेल्या ३० दिवसांतल्या कुठल्याही वेळेला परत जाण्याची सोय आहे, ती पुष्कळांना माहीत नसते. रॅडिकेल वापरत असाल तर त्याचं फोल्डर अधूनमधून दुसऱ्या डिस्कवर कॉपी केलं तरी काम भागतं.

सिंक नीट झाल्यावरही दोन गोष्टी लोकांना बिघाड वाटतात. पहिली नावांची. आपण 'पाटील काकू ठाणे' असं एका दमात सेव्ह करतो. फोन पहिला शब्द नाव, शेवटचा आडनाव आणि मधला मधलं नाव असं वाटून टाकतो. फोनवर ते जाणवत नाही. डेस्कटॉपवर यादी आडनावाप्रमाणे लागली की काकू 'ठ'मध्ये जाऊन बसतात आणि शेजारी ठाण्याचा प्लंबरही असतो. दुसरी गोष्ट गटांची. 'नातेवाईक', 'सोसायटी' असे गट ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत: प्रत्येक कॉन्टॅक्टवर गटाचं नाव लिहायचं, किंवा गटाची स्वतंत्र नोंद करून त्यात माणसं घालायची. अ‍ॅपलची चाल दुसरी. फोन आणि डेस्कटॉप यांची पद्धत जुळली नाही की गट गायब झालेले दिसतात, माणसं मात्र जागेवर असतात. डॅव्हएक्स-फाइव्ह खातं जोडतानाच ही पद्धत विचारतं, तो प्रश्न न वाचता पुढे जाऊ नये.

सगळं जोडून झाल्यावर एक खोटं नाव घालून पाहावं. फोनवर घाला, डेस्कटॉपवर येतं का बघा. डेस्कटॉपवर त्याचा नंबर बदला, फोनवर बदलतो का बघा. शेवटी पुसून टाका, दोन्हीकडून जातं का तेही बघा. उशीर होत असेल तर आधी फोनचा बॅटरी सेव्हर तपासा, तो मागे चालणारी अ‍ॅप झोपवतो. या तिन्ही फेऱ्या पार पडल्यावरच सिमवरच्या आणि डिव्हाइसवरच्या जुन्या नोंदी काढायला हात घाला.