टॅपेट वाजतोय? थोडा वाजू द्या

“दादा, टॅपेट वाजतायत. जरा टाइट करून टाका.”

गॅरेजच्या बाकड्यावर तासभर बसलं की हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. गिऱ्हाईक म्हणतं म्हणून दादाही हेडचं झाकण उघडतो, नट सैल करतो, स्क्रू पाव फेरा आवळतो, झाकण लावून गाडी चालू करतो. “ऐका आता. शिलाई मशीन!” गिऱ्हाईक खूश. आम्हीही एकेकाळी असेच खूश होऊन घरी आलो होतो. आमची मारुती ८०० दोन-तीन महिने मांजरीसारखी गप्प चालली. मग सकाळी स्टार्ट व्हायला नखरे करू लागली, सिग्नलला उभी असताना थरथरू लागली. हेड उतरवलं तेव्हा एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला कुरतडल्यासारखा जळालेला निघाला. टॅपेट ‘शांत’ करण्याचा खर्च चहापाण्याएवढा होता. हेडच्या कामाचा आकडा इथे लिहीत नाही.

सगळ्या गैरसमजांचा बाप एकच: आवाज म्हणजे आजार आणि शांतता म्हणजे तब्येत. टॅपेटच्या बाबतीत हे जवळजवळ उलटं आहे.

मारुती ८०० चंच उदाहरण घेऊ. १९८३ पासून २०१४ पर्यंत या गाड्या बनल्या आणि आजही गावोगाव धावतायत. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जुन्या इंजिनात सहा व्हॉल्व्ह. वर कॅमशाफ्ट फिरतो, त्याचा उंचवटा रॉकरला ढकलतो आणि रॉकरच्या टोकाचा स्क्रू व्हॉल्व्हला दाबून उघडतो. व्हॉल्व्ह बंद असताना या स्क्रूमध्ये आणि व्हॉल्व्हच्या दांडीत फट ठेवलेली असते. थंड इंजिनावर ती साधारण ०.१५ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे माणसाचे दोन केस. ही फट दर वेळी मिटताना जो ‘टिक’ होतो, तोच टॅपेटचा आवाज. फट आहे तोवर टिक असणारच. तो पूर्ण गेला, तर आधी विचारा की फट कुठे गेली?

एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं तोंड सातशे-आठशे अंशांपर्यंत तापतं. ही उष्णता तो बहुतांशी आपल्या सीटला देऊन टाकतो, पण सीटवर टेकलेला असतो तेवढ्याच वेळात. गाडी चालू केल्यावर व्हॉल्व्ह पटकन तापून लांबतो, हेड मागाहून तापतं. त्या मधल्या काळात फटच नसेल तर स्क्रू व्हॉल्व्हला पूर्ण बसू देत नाही. केसाएवढी वाट राहते, तिच्यातून जळता गॅस शिट्टीसारखा निसटतो आणि गॅस कटरने पत्रा कापावा तशी व्हॉल्व्हची कड कापत जातो. कॉम्प्रेशन जातं, मिसिंग सुरू होतं आणि या सगळ्यात टॅपेटचा आवाज मात्र अजिबात येत नाही.

सैल टॅपेट ओरडतो. तो रॉकर झिजवतो, थोडी ताकद खातो, पण कळवतो तरी. टाइट टॅपेट गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो. दोन्हींतून एकच निवडायची वेळ आली, तर मी डोळे मिटून किंचित सैल निवडेन.

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी आठवत असतील. शेवटच्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये टॅक्सीच्या धंद्यातून बाद झाल्या. कुर्ल्याच्या कारखान्यातलं हे इंजिन शिसंयुक्त पेट्रोलच्या जमान्यातलं. त्या शिशाचा थर व्हॉल्व्ह आणि सीटमध्ये उशीसारखा काम करत असे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंमुक्त पेट्रोल आलं, टॅक्सी सीएनजीवर गेल्या आणि ती उशी गेली. मऊ सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो आणि टॅपेटची फट आपोआप कमी होते. म्हणजे जुनी सीएनजी गाडी जसजशी शांत होत जाते, तसतशी ती धोक्याकडे सरकत असू शकते. “गॅसवर घातल्यापासून इंजिन किती स्मूथ झालंय!” असं कुणी कौतुकाने सांगितलं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता ‘सेटिंग’बद्दल. गाडी चालवत गॅरेजला नेली आणि लगेच टॅपेट सेट केले, तर त्या सेटिंगवर भरवसा ठेवू नका. सुझुकीच्या या घराण्यातल्या इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये थंड आणि गरम असे दोन आकडे दिलेले असतात आणि गरमचा मोठा असतो. वाचून अनेकांना छापण्यात चूक झाली असं वाटतं. चूक नाही. ॲल्युमिनियमचं हेड पोलादी व्हॉल्व्हपेक्षा जास्त प्रसरण पावतं, म्हणून सगळं सारखं तापल्यावर फट वाढते. गरम इंजिनावर थंडचा आकडा लावला तर टॅपेट टाइट बसले म्हणून समजा, मग हात कितीही सराईत असो.

मोजायला फिलर गेज लागतो. “मला हाताला कळतं” हे वाक्य नाडी बघणाऱ्या वैद्याला शोभतं. मात्र गेजही एके ठिकाणी फसवतो. स्क्रूच्या किंवा रॉकरच्या तोंडाला झिजून खड्डा पडला असेल तर गेजची सपाट पट्टी खड्ड्यावर पुलासारखी बसते. पट्टी बरोबर सरकते, पण खरी फट मोठीच राहते आणि आवाज जात नाही. मग पुन्हा “अजून टाइट करा”. अशा वेळी झिजलेला भाग बदलावा लागतो, आवळून काही होत नाही.

काही गाड्यांना मुळात सेट करायचे टॅपेटच नसतात. नव्वदच्या दशकातली देवू सिएलो, ओपेल ॲस्ट्रा, नंतर रांजणगावलाही बनलेलं १.३ मल्टिजेट डिझेल, यांच्यात हायड्रॉलिक टॅपेट आहेत. ही काही कालची कल्पना नाही. १९३० च्या सोळा सिलिंडरच्या कॅडिलॅकमध्येही ती होती. आतला छोटा प्लंजर ऑइलच्या दाबावर उचलला जाऊन फट स्वतःच भरतो. अशा गाडीचे टॅपेट ‘सेट करून’ पैसे घेणारा कुणी भेटला तर त्याने नेमकं काय केलं ते जरूर विचारा.

हे टॅपेट रात्रभर उभ्या गाडीत रिकामे होऊन सकाळी दोन-चार सेकंद खडखडले तर बिघडलं नाही. गाडी तापल्यावरही टिकटिक राहिली तर ओळीने बघा. आधी ऑइलची पातळी. कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि प्रमाणाबाहेर जास्त असेल तर क्रँक ऑइल घुसळून फेस करतो. फेस दाबला जातो, त्यामुळे टॅपेट टणक राहत नाही. मग ऑइल-फिल्टर किती जुने ते बघा, मग गेज लावून ऑइलचा दाब. दाब बरोबर असूनही एकच टॅपेट वाजत असेल तर त्यात घाण अडकलीय किंवा तो झिजलाय. टॅपेट बदलण्याची गोष्ट इथे येते, आधी नाही.

“मग जाड ऑइल टाकतो, आवाज बसेल.” बसतोही कधीकधी, तापावर गार पाण्याची पट्टी ठेवावी तसा. एसएईच्या जे३०० मानकानुसार १०० अंशांना ३० ग्रेडचं ऑइल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. हायड्रॉलिक टॅपेटची छिद्रं पातळ ऑइल धरून आखलेली असतील तर जाड ऑइल थंडीत तिथे उशिरा पोचतं, म्हणजे सकाळचा खडखडाट वाढतो. मॅन्युअलमधली ग्रेड ही कंपनीची हौस नसते.

असेच आणखी काही उपाय आणि समज ऐकू येतात. ऑइलमध्ये रॉकेल घालून इंजिन ‘धुणं’: बेअरिंगवरची ऑइलची फिल्म पातळ होते आणि सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत जाऊन बसतो.

बाटलीतलं जादूचं द्रव्य: घाण विरघळवू शकेल, झिजलेलं लोखंड परत आणणार नाही.

प्रत्येक टिकटिक टॅपेटचीच: सैल प्लग किंवा फुटकी एक्झॉस्ट गॅस्केटही टिकटिकते, इंजेक्टर तर टिकटिकतातच. टॅपेटचा ताल क्रँकच्या निम्म्या वेगाचा असतो. ८०० आरपीएमला एक व्हॉल्व्ह सेकंदाला सहा-सात वेळा उघडतो. जड, खोल ‘ठक-ठक’ येत असेल आणि चढावर वाढत असेल तर टॅपेट विसरा, इंजिन बंद करा आणि गाडी ओढून न्या.

टॅपेट सेट करायचेच असतील तर गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजला ठेवून या. सकाळी इंजिन थंड असताना झाकण उघडायला सांगा आणि मॅन्युअलमधला आकडा कागदावर लिहून दादाच्या हातात द्या.