विमानतळाच्या भिंतीपासून चारशे मीटर

विलेपार्ले म्हटले की जुन्या मुंबईकरांना बिस्किटांचा वास आठवतो. तो कारखाना २०१६ साली बंद झाला. कुणाला टिळक मंदिर आठवते, कुणाला कूपर रुग्णालयाची रांग आठवते. परंतु याच पार्ल्याच्या पूर्वेला विमानतळाची लांबच लांब भिंत आहे आणि त्या भिंतीच्या आसऱ्याने कष्टकऱ्यांच्या वस्त्या उभ्या आहेत. या वस्त्यांतील माणूस विमानाचा आवाज रोज ऐकतो. विमानात मात्र क्वचितच बसतो. तरीही त्याच्या दारातल्या पाण्याच्या पिंपाशी एका जागतिक कायद्याचा थेट संबंध आहे, हे आमच्या किती वाचकांना ठाऊक आहे?

होय, जागतिक कायदा! जागतिक आरोग्य संघटनेचे 'आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम' २००५ साली नव्याने तयार झाले आणि जून २००७ पासून अमलात आले. भारतासह १९६ देशांना ते बंधनकारक आहेत. या नियमांत असे म्हटले आहे की, विमानतळावर प्रवासी, विमाने आणि माल यांची जेथे ये-जा होते, त्या जागेपासून किमान ४०० मीटरपर्यंत रोग पसरवणाऱ्या डासांचा व इतर जीवांचा बंदोबस्त झाला पाहिजे. चारशे मीटर म्हणजे चालत पाच मिनिटांचे अंतर. विमानतळाला खेटून असलेल्या वस्त्यांतील पिंपे, टाक्या, टायर आणि छपरावरचे प्लॅस्टिक जगाच्या नजरेत येते ते असे.

एक डास आणि एक दाखला

या साऱ्या खटाटोपाचे कारण एक लहानसा डास आहे. त्याचे नाव एडिस इजिप्ती. अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे रोग त्याच्यामुळे पसरतात. आफ्रिका व दक्षिण अमेरिकेतला पीतज्वरही हाच डास पसरवतो. आपल्या देशात पीतज्वर आजवर आलेला नाही. पण तो पसरवणारा डास मात्र घरोघरी आहे. पीतज्वराचा एक रुग्ण विमानातून उतरला आणि भिंतीपलीकडे हा डास त्याची वाट पाहत असला, तर पुढे काय होईल याची कल्पना वाचकांनीच करावी.

म्हणूनच मुंबई विमानतळावर केंद्र सरकारची विमानतळ आरोग्य संघटना काम करते. पीतज्वराच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाजवळ लस घेतल्याचा दाखला आहे की नाही, हे ती पाहते. दाखला नसल्यास त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवता येते. आपल्यापैकी कुणाचा मुलगा आफ्रिकेत नोकरीला किंवा जहाजावर निघाला असेल, तर त्याने हे ध्यानात ठेवावे: ही लस फक्त सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. पहिल्यांदा लस घेतल्यावर दाखला दहा दिवसांनी लागू होतो आणि जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. तिकीट काढून झाल्यावर लशीची आठवण येणे महागात पडते.

पूर्वी जहाजातून, आता विमानातून

रोग परदेशातून येतो आणि त्याचा भार गरिबाच्या वस्तीवर पडतो, ही गोष्ट मुंबईला नवी नाही. १८९६ साली बंदरालगतच्या मांडवी भागात प्लेग आला. डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच साली पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकीकडे प्रयोगशाळा आणि दुसरीकडे माणसाला पाठीवर घेणारी माऊली, अशा दोन्ही गोष्टींनी सार्वजनिक आरोग्य उभे राहते. दोन्हींपैकी एक जरी नसली, तरी काम अपुरे राहते.

पिंप का भरावे लागते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पालिकेचे कीटकनाशक खाते वस्तीत येते, पिंपात बॅटरी मारून पाहते, अळी दिसली की पाणी ओतून देते. त्यांचे काम ते करतात. पण पहाटे उठून, रांगेत उभे राहून भरलेले पाणी गटारात जाताना पाहून ज्या माऊलीचा जीव तुटतो, तिचे म्हणणे कुठल्या अहवालात लिहिले जाते? पाणी साठवायची तिला हौस नाही. नळ दिवसाचे चोवीस तास वाहिला असता, तर पिंप कुणी भरले असते? डासाचे मूळ पिंपात दिसते, पण पिंपाचे मूळ कोरड्या नळात आहे.

चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला. पाणी हा हक्काचा प्रश्न आहे, हे आपल्या समाजाला कुणी नव्याने शिकवायला नको. मुंबई उच्च न्यायालयानेही पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट सांगितले की, झोपडी अनधिकृत आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे चारशे मीटरच्या नियमाचे खरे पालन करायचे, तर फवारणीच्या जोडीला नळही द्यावा लागेल. ही साधी गोष्ट मांडणारा माणूस जेथे नियम ठरतात त्या खोलीत असला पाहिजे. आमचे सांगणे एवढेच आहे की तो माणूस आपल्या वस्तीतून जावा.

शिडीच्या पायऱ्या

सार्वजनिक आरोग्य म्हणजे फक्त डॉक्टरकी, असा गैरसमज आपल्या घरांत फार आहे. मुलाला वैद्यकीयला प्रवेश मिळाला नाही की सारे संपले असे वाटते. तसे नाही. डास मोजणारा, पाणी तपासणारा, आकडेवारी मांडणारा, लोकांशी बोलणारा, कायदा लिहिणारा, अशा सर्वांची या क्षेत्राला गरज असते.

पहिली पायरी अगदी जवळ आहे. अंधेरी पश्चिमेला बर्फीवाला मार्गावर अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था आहे. १९२६ साली स्थापन झालेली ही संस्था स्वच्छता निरीक्षकाची पदविका शिकवते. पालिका, नगरपरिषदा आणि रुग्णालये येथे या पदविकेचा उपयोग होतो. २०२५ साली नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथेही हेच आरोग्य नियम लागू आहेत आणि तेथेही माणसे लागणारच.

दुसरी पायरी देवनारला आहे. १९५६ साली भारत सरकार, टाटा ट्रस्ट आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्या सहकार्याने तेथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था उभी राहिली. देशाचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण हीच संस्था पार पाडते आणि आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी तेथे शिकायला येतात. गणित, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, समाजशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या मुलामुलींनी तिची माहिती जरूर काढावी. जवळच १९३६ साली सुरू झालेली टाटा समाजविज्ञान संस्था आहे. तेथे सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पार्ल्याहून बस-लोकलने जाऊन-येऊन शिकता येईल अशा या संस्था आहेत.

तिसरी पायरी परदेशाची. बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच विद्यापीठात आज सार्वजनिक आरोग्याचे नामांकित विद्यालय आहे. लंडनमध्ये तर १८९९ सालापासून याच विषयाला वाहिलेली संस्था आहे. तेथे जाण्यासाठी घर गहाण टाकण्याआधी दोन योजना नीट वाचा. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून सुरू आहे. वय ३५ च्या आत, पदवीला किमान ६० टक्के गुण आणि कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत, अशा तिच्या मुख्य अटी आहेत. दुसरी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून तिच्या ७५ जागा आहेत आणि पुण्याचे समाजकल्याण आयुक्तालय ती चालवते. विद्यापीठाच्या क्रमवारीची व उत्पन्नाची अट बदलत असते, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरातच प्रमाण मानावी.

कागद आधी, स्वप्न नंतर

अनुभव असा की गुणांपेक्षा कागदांवर अर्ज अडतात. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती १९९० च्या कायदा दुरुस्तीने मिळाल्या. अनेक मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर फक्त 'बौद्ध' लिहिलेले असते. अशा वेळी आजोबा-पणजोबांचा जुना दाखला शोधावा लागतो, आणि पुरावा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा मागितला जातो. मूळ गावच्या शाळेत जाऊन ही नक्कल आजच काढून ठेवा. जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि पारपत्र एका पिशवीत ठेवा. मुलगी बारावीत असतानाच हे काम हाती घ्या. निवड झाल्यावर धावाधाव नको.

उघड्या डोळ्यांनी

सारेच गोड सांगणे आमच्या स्वभावात नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचे जाहीर केले आणि तिची परदेशी मदत देणारी संस्था यूएसएड त्याच वर्षी १ जुलैला बंद झाली. जगभर या क्षेत्रातल्या अनेक नोकऱ्या गेल्या. तेव्हा जिनिव्हाच्या भरवशावर कर्ज काढू नका. हातात देशातले काम ठेवून बाहेरचा प्रयत्न करा. दुसरीकडे, २० मे २०२५ रोजी सदस्य राष्ट्रांनी महासाथींसंबंधीचा करार स्वीकारला आणि सुधारलेले आरोग्य नियम १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले. पैसा आटला तरी काम वाढलेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेत शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यार्थ्यांना काही आठवडे ते काही महिने काम करता येते. त्यासाठी वय किमान २० हवे. २०२० पासून या उमेदवारांना विद्यावेतन मिळते. त्यामुळे ही संधी आता केवळ श्रीमंतांच्या मुलांची राहिलेली नाही. आणि एक गोष्ट गाठीला बांधा: ही संघटना भरतीसाठी कुणाकडूनही एक पैसा घेत नाही. जो 'प्रोसेसिंग फी' मागतो, तो ठग आहे असे समजावे.

माता-भगिनींना एक विनंती. नळ मिळवण्याचा लढा चालूच ठेवा. पण तो मिळेपर्यंत पिंपावर घट्ट झाकण ठेवा आणि आठवड्यातून एक दिवस पिंप घासून कोरडे करा. अळीचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि कोरड्या पिंपाच्या कडेला चिकटलेली अंडी महिनोन्‌महिने जगतात, म्हणून घासणे महत्त्वाचे. तरुणांनी येत्या रविवारी विहारात बसून वस्तीतल्या बारावी आणि पदवीच्या मुलामुलींची यादी करावी. कुणाचा कोणता कागद बाकी आहे, ते समोर लिहावे. ज्याला इंग्रजी अर्ज भरता येतो, त्याने दोघांना शिकवावे. चारशे मीटरच्या पट्ट्यात आपण राहतो. त्या पट्ट्याचे नियम ठरवताना आपल्यातलाही कुणी तेथे असावा, यासाठी एवढे तरी करू या.