लेबलची पडताळणी नेमकी होते कुठे?

आज बिबा या धोरण-मॉड्यूलमधल्या श्रेणी आणि कक्ष घ्यायचे ठरले होते. पण नाशिकच्या एका वाचकाच्या प्रश्नाने मला अडवले, आणि तो प्रश्न टाळून पुढे जाणे बरोबर नाही. त्यांनी फ्रीबीएसडीवर सुरक्षा-लेबलचा मजकूर घेणाऱ्या 'मॅक_फ्रॉम_टेक्स्ट'ला 'अबकड/७' असा निरर्थक मजकूर दिला. फंक्शनने मुकाट्याने शून्य परत केले. 'मग हे फंक्शन तपासते तरी काय?' असे ते विचारतात.

काहीच तपासत नाही. लिबसीचा सोर्स उघडा. फंक्शन 'स्ट्रक्ट मॅक'साठी जागा मागते, 'स्ट्रडप'ने मजकुराची नक्कल करते, शेवटच्या शून्य बाइटसह लांबी नोंदवते आणि परतते. 'मॅक_टू_टेक्स्ट' तर त्याहून लहान, तिथे एकच 'स्ट्रडप' आहे. 'मॅक_टी' म्हणजे या 'स्ट्रक्ट मॅक'चा पॉइंटर; त्याच्या पोटात अंकांत रूपांतरित झालेले लेबल नसते, तुमचाच मजकूर असतो. या फंक्शनांचे अपयश म्हणजे मेमरी न मिळणे, एवढेच.

खरे वाचन कर्नलमध्ये होते. 'मॅक_सेट_फाइल' केलेत की तिथली मॅक चौकट स्वल्पविरामावर मजकूर तोडते, तिरप्या रेघेच्या आधीचे नाव काढते आणि चढवलेल्या प्रत्येक धोरण-मॉड्यूलला विचारते, हे तुझे का? कुणीच दावा केला नाही तर 'ईइनव्हॅल' ही चूक. बिबाने दावा केला, पण श्रेणी ६५५३५ च्या वर गेली, तरी 'ईइनव्हॅल'च.

मला ही रचना मनापासून पटते. कुठली मॉड्यूल चढवलेली आहेत हे लिबसीला कसे कळणार? उद्या तुम्ही स्वतःचे मॉड्यूल लिहिलेत तर त्याच्या लेबलसाठी लिबसीला हातही लावावा लागत नाही. रॉबर्ट वॉटसन यांच्या ट्रस्टेडबीएसडी प्रकल्पातून आलेली ही चौकट २००३ च्या ५.० आवृत्तीपासून फ्रीबीएसडीत आहे. अ‍ॅपलनेही पुढे हीच चौकट उचलली.

याच रचनेमुळे एक खड्डाही पडतो. फाइलचे लेबल वाचायला 'मॅक_फ्रॉम_टेक्स्ट'ने केलेला 'मॅक_टी' देऊ नका. त्यातली जागा तुमच्या मजकुराएवढीच असते. शिवाय वाचताना कर्नलला फक्त घटकांची नावे हवी असतात, 'बिबा' किंवा 'एमएलएस' अशी. त्यासाठी 'मॅक_प्रिपेअर' आहे. ते ८१९२ बाइट राखून ठेवते. नावाआधी प्रश्नचिन्ह लावले तर तो घटक नसला तरी चूक येत नाही. थोडक्यात, लिहायला 'फ्रॉम_टेक्स्ट', वाचायला 'प्रिपेअर'. 'मॅक_टी' सोडायचा 'मॅक_फ्री'ने, पण 'टू_टेक्स्ट'ने दिलेला मजकूर साध्या 'फ्री'ने. हे दोन उलटसुलट झाले की प्रोग्राम कोसळू शकतो, आणि तोही बहुधा भलत्याच ओळीवर.

श्रेणी-कक्ष पुढच्या आठवड्यात, नक्की. तोवर बिबा चढवलेल्या यंत्रावर तेच 'अबकड/७' घेऊन 'मॅक_सेट_फाइल'पर्यंत जा, आणि 'एररनो' छापून पाहा.