स्थायी निवास : समजुती आणि नियम

परदेशातील स्थायी निवास, ज्याला बोलताना ‘पीआर’ म्हटले जाते, हा मूळ देशाचे नागरिकत्व कायम ठेवून दुसऱ्या देशात मुदतीच्या बंधनाशिवाय राहण्याचा व काम करण्याचा हक्क होय. तो तेथील शिक्षणाचे बक्षीस म्हणून आपोआप मिळतो, ही समजूत जितकी व्यापक तितकीच महागात पडणारी आहे. भिलाईतील मरोदा येथे हा प्रश्न दोन अंगांनी येतो, कारण एकीकडे शेजारच्या नेवईत छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठ आहे, तर दुसरीकडे पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या या वस्तीत आयटीआय शिकलेल्या वेल्डर-फिटरांची परंपरा आहे. पदवीधर आणि कारागीर या दोघांचे गैरसमज वेगळे आहेत, आणि कॅनडाच्या नियमांच्या आधारे ते स्पष्टपणे तपासता येतात.

विद्यार्थी व्हिसा म्हणजे स्थायी निवासाची पहिली पायरी, असे मानले जाते. प्रत्यक्षात अभ्यास परवाना हा तात्पुरता दस्तऐवज असून त्याचा स्थायी निवासाशी थेट संबंध नसतो. शिक्षणानंतरचा काम-परवाना जास्तीत जास्त तीन वर्षांचा व आयुष्यात एकदाच मिळतो, आणि तो प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रत्येक अभ्यासक्रमावर मिळत नाही, हे शुल्क भरण्यापूर्वीच पाहावे लागते. कॅनडातील अनुभवावर आधारलेल्या योजनेत मागील तीन वर्षांत किमान एक वर्षाचे कुशल काम हवे असते. मात्र पूर्णवेळ शिकत असताना केलेले तास त्यात धरले जात नाहीत, आणि दुकानाच्या काउंटरवरील विक्रीचे काम कितीही वर्षे केले तरी ते ‘कुशल’ ठरत नाही, कारण तेथे व्यवसायांच्या शून्य ते पाच अशा श्रेणी असून केवळ शून्य ते तीन या श्रेणींचा विचार होतो.

‘६७ गुण झाले की काम झाले’ हा दुसरा गैरसमज दोन मोजपट्ट्या एकच मानल्याने होतो. शंभरपैकी ६७ गुण ही भारतासारख्या देशातून थेट अर्ज करणाऱ्या कुशल कामगारांसाठीची केवळ प्रवेशाची अट आहे. त्यानंतर २०१५ पासून चालू असलेल्या एक्स्प्रेस एंट्री पद्धतीत १,२०० गुणांच्या दुसऱ्या पट्टीवर उमेदवारांची क्रमवारी लागते आणि वरच्यांनाच अर्जाचे निमंत्रण येते. या पट्टीवर वयाचे पूर्ण गुण २० ते २९ या वयोगटाला मिळतात, नंतर ते घटत जाऊन पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात, तर एखाद्या प्रांताने नामांकन दिल्यास ६०० गुणांची भर पडते. नोकरीच्या प्रस्तावासाठी मिळणारे ५० किंवा २०० गुण मात्र २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. तरीही ‘गुण वाढवणारे’ प्रस्तावपत्र म्हणून जो कागद विकतो, तो अस्तित्वात नसलेली वस्तू विकतो.

स्थायी निवासाने भारतीय पारपत्र जाते, ही भीतीही निराधार आहे. ते जाते नागरिकत्व घेतल्यावर. दर्जा टिकवण्यासाठी मात्र पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहावे लागते. सर्व देशांचे नियम सारखे असतात असेही नाही : जर्मनीत शिकलेल्या पदवीधराला दोन वर्षांच्या कुशल नोकरीनंतर, भाषेच्या अटीसह, वास्तव्याचा कायम परवाना मागता येतो, तर अमेरिकेत नोकरीवर आधारित स्थायी निवासाला जन्मदेशानुसार सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग गुणवत्तेने आखूड होत नाही.

मरोद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कारागिरांचा आहे. ही वाट फक्त संगणक अभियंत्यांसाठी आहे असे समजले जाते, पण वेल्डिंग व यंत्रदुरुस्ती हे व्यवसाय कॅनडाच्या श्रेणी दोनमध्ये, म्हणजे कुशल कामात, मोडतात. कारागिरांच्या स्वतंत्र योजनेत भाषेची अट सौम्य असते. पण मागील पाच वर्षांतील दोन वर्षांच्या अनुभवाबरोबर तेथील वर्षभराच्या नोकरीचा प्रस्ताव अथवा कॅनडातील अधिकृत संस्थेचे व्यवसाय-पात्रता प्रमाणपत्र लागते, आणि आयटीआयचे प्रमाणपत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. कुशल कामगारांच्या सर्वसाधारण योजनेत भारतातील अनुभव चालतो. तेथे सलग एका वर्षाचे, किमान १,५६० तासांचे काम दाखवावे लागते, शिक्षणाचे कॅनडातील समकक्षतेसाठी मूल्यमापन करून घ्यावे लागते आणि भाषेची पातळीही वरची लागते.

ठेकेदाराकडे केलेले काम मोजले जात नाही, हे खरे नाही. ते सिद्ध करणे अवघड असते, हे खरे, आणि वर्षानुवर्षे भट्टीजवळ राबलेल्या माणसाचा अनुभव केवळ कागदाअभावी शून्य ठरावा ही खेदाची बाब आहे. अनुभवपत्रात पद, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास, वेतन आणि कामाच्या तारखा असाव्या लागतात. भविष्यनिर्वाह निधीचे पासबुक व वेतनचिठ्ठ्या त्याला आधार देतात, पण कामाचे वर्णन त्यांत नसते. म्हणून असे पत्र ठेका चालू असतानाच घेणे आवश्यक आहे, कारण ठेका संपल्यावर सही करणारा माणूस दुसऱ्या गावच्या कामावर गेलेला असतो.