खाऱ्या वाऱ्यातला मोटारीचा एसी

शास्त्री नदी समुद्राला मिळते त्या मुखावर जयगड वसले असून, किल्ला, दीपगृह, बंदर आणि खाडीपलीकडच्या तवसाळला माणसांबरोबर मोटारीही उतरवणारी फेरीबोट असा या गावाचा परिसर असल्यामुळे येथे नित्य वावरणाऱ्या गाडीला खारा वारा चुकत नाही. हा वारा पत्र्याला गंज चढवतो हे सर्वांना ठाऊक असते. पण गाडीच्या तोंडाशी, रेडिएटरच्या पुढे उभ्या असलेल्या कंडेन्सरला तो किती झिजवतो, याकडे एसीतून गरम हवा येऊ लागेपर्यंत सहसा लक्ष जात नाही. तेव्हाही ‘गॅस संपला’ एवढ्या दोन शब्दांत निदान उरकले जाते, आणि तिथेच चूक होते. गॅस हे इंधन नव्हे, तो जळत नाही की खर्चही होत नाही. रबरी नळ्या आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा पाझरतो तेवढा सोडला, तर कमी झालेला गॅस कुठल्या तरी छिद्रातूनच गेलेला असतो.

वस्तुतः एसी थंडी निर्माण करत नाही, तर गाडीच्या आतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. आजच्या बहुसंख्य गाड्यांत आर-१३४ए हा शीतकारक, म्हणजे उष्णता वाहून नेणारा हाच ‘गॅस’, वापरला जातो आणि वातावरणाच्या दाबाखाली तो उणे २६ अंश सेल्सिअसलाच उकळतो. कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबून तापवतो, कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन वाफेचा द्रव होतो, ड्रायर त्यातला ओलावा शोषतो, एक्सपान्शन वॉल्व्हच्या अरुंद वाटेतून तो एकदम मोकळा सुटतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना आतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. कोकणात या कॉइलवर दुहेरी ओझे पडते, कारण हवा गार करण्याबरोबर तिच्यातील बाष्पाचे पाणीही करावे लागते आणि एक लिटर पाणी होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणूनच जयगडात उभ्या गाडीखाली ठिबकणारे स्वच्छ पाणी हे बिघाडाचे नव्हे, तर एसी चांगला चालल्याचे लक्षण आहे.

निदान सोप्या गोष्टींपासून सुरू करावे. केबिन फिल्टर तुंबला आहे का, हीटरची झडप अर्धवट उघडी राहून गार हवेत गरम हवा मिसळते आहे का, एसी सुरू करताच कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक’ असा आवाज करून फिरू लागतो का, हे अवजाराला हात न लावताही कळते. गाडी धावताना गारवा असतो, पण जेटीवर फेरीबोटीची वाट पाहत उभी राहिली की गरम हवा येते, असे असेल तर संशय प्रथम पंख्यावर आणि मळलेल्या कंडेन्सरवर घ्यावा, कारण चालत्या गाडीला वारा आपोआप मिळतो आणि उभ्या गाडीचा सगळा भार पंख्यावर असतो. थोडा वेळ गार, मग गरम, पुन्हा गार असा लपंडाव चालत असेल, तर यंत्रणेत शिरलेला ओलावा एक्सपान्शन वॉल्व्हच्या तोंडाशी गोठून वाट अडवत असण्याची शक्यता असते.

यानंतर दाब मोजणाऱ्या गेजची पाळी येते. इंजिन चालू असताना दोन्ही बाजूंचा, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये शिरणाऱ्या (खालच्या) आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या (वरच्या) बाजूचा, दाब कमी दिसला तर गॅस कमी आहे. खालच्या बाजूचा दाब जास्त आणि वरच्या बाजूचा कमी दिसला तर कॉम्प्रेसर थकला आहे. दोन्ही जास्त असतील तर गॅस प्रमाणाबाहेर भरला आहे किंवा कंडेन्सर उष्णता टाकू शकत नाही. मात्र इंजिन बंद असताना केवळ दाबावरून गॅसचे प्रमाण कळत नाही. यंत्रणेत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत ३० अंश तापमानाला आर-१३४एचा दाब दर चौरस इंचाला सुमारे ९७ पौंडच राहतो, मग गॅस भरपूर असो वा निम्मा. स्वयंपाकघरातील सिलिंडरची ज्योत अखेरपर्यंत तशीच दिसते आणि उरलेला गॅस वजन केल्यावरच समजतो, तसाच हा प्रकार आहे.

गळती शोधणे हे या कामाचे खरे कसब. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरत असल्याने, जिथून गॅस निसटतो तिथे तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटते. जांभ्याच्या लाल धुळीत असा काळपट ठिपका डोळ्यांना लगेच दिसतो. अॅल्युमिनियमवर स्वतःच्याच ऑक्साइडचे पातळ कवच असते, पण मिठातील क्लोराइड ते भेदून धातूत सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडते, आणि कंडेन्सरच्या खालच्या भागातील पातळ पाती बोट लावताच पांढऱ्या भुकटीसारखी झडतात. बारीक गळती नायट्रोजन भरून साबणाच्या फेसाने किंवा अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या रंगाने सापडते. ती दुरुस्त झाल्यावर ड्रायर बदलून यंत्रणा व्हॅक्यूम पंपाने निर्वात करावी लागते, म्हणजे आतले पाणी कमी दाबाखाली उकळून निघून जाते. पंप बंद केल्यावरही निर्वातता टिकली तरच गॅस भरावा, तोही बॉनेटखालच्या स्टिकरवर दिलेल्या वजनाइतकाच.

दरवर्षी नुसता गॅस भरून घेणे स्वस्त वाटते, पण गॅससोबत तेलही गळून कॉम्प्रेसर कोरडा पडतो आणि खर्च कैक पटींनी वाढतो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात आर-१३४ए हा कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे १४३० पट तापमानवाढ घडवतो, म्हणजे अर्धा किलो गॅस हवेत गेला तर तो सातशे किलो कार्बन डाय-ऑक्साइडच्या बरोबरीचा ठरतो. म्हणून जयगड, गणपतीपुळे, गुहागर या पट्ट्यातील गाडीमालकांनी कंडेन्सर अधूनमधून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवावा, आणि गॅस भरण्याआधी मेकॅनिककडे गळतीची जागा प्रत्यक्ष दाखवण्याचा आग्रह धरावा.