छायाचित्राखालचें नांव

देगलूर तालुका निजामाच्या राज्यांत होता, त्या राज्याचा अस्त दाखविणारें एक छायाचित्र आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलें असेल. १९४९ सालीं सरदार वल्लभभाई पटेल हैदराबादेस गेले, तेव्हां बेगमपेठच्या विमानतळावर निजाम मीर उस्मान अली खान यांनीं हात जोडून त्यांचें स्वागत केलें. चित्राखालीं त्या दोघांचीं नांवें असतात; ज्यानें तें टिपलें त्याचें बहुधा नसतें. वृत्तपत्रांच्या जुन्या छायाचित्रकारांविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें, तें या उणिवेमुळेंच.

आज खिशांतल्या फोनवर घटकेंत शंभर चित्रें निघतात. तेव्हां यांत कठीण तें काय, असें मुलें विचारतील. त्या काळीं ‘स्पीड ग्राफिक’ नांवाचा वजनदार कॅमेरा वापरीत. त्याच्या एका चौकटींत दोनच फिल्मा बसत. एक झाली कीं चौकट उलटावी, दुसरी झाली कीं बदलावी. ‘रोलीफ्लेक्स’च्या गुंडाळीवर बारा चित्रें येत. उजेडासाठीं लावलेला बल्ब एकदांच झगझगे व निकामी होई. त्यामुळें नेमका क्षण येईतों बोट आवरून धरणें, ही या मंडळींची खरी विद्या. ती शाळेंत शिकवितां येत नाहीं.

पुढें फिल्म अंधाऱ्या खोलींत धुऊन चित्र कागदावर उतरविलें, तरी काम संपत नसे. छापखान्याची शाई एक तर उमटते, नाहीं तर उमटत नाहीं. करड्या छटा तिला ठाऊक नाहींत. यास्तव बारीक रेघांच्या कांचेंतून त्या चित्राचें पुन्हां चित्र घेत, म्हणजे त्याचे ठिपके होत. काळोख्या जागीं ते मोठे, उजळ जागीं बारीक. हे ठिपके जस्ताच्या पत्र्यावर उतरवून भोंवतालची धातु आम्लानें खाववीत, पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकीत आणि तो ब्लॉक खिळ्यांच्या ओळींशेजारीं बसवून छापीत. जुन्या अंकावर भिंग धरलें तर ते ठिपके आजही मोजतां येतात.

मराठी माणसांत नारायण विनायक विरकर यांचें स्मरण प्रथम केलें पाहिजे. मुंबईस त्यांचा स्टुडिओ होता. १९१९ सालीं जालियनवाला बागेंत गोळीबार झाल्यावर ते अमृतसरला गेले आणि भिंतींवरील गोळ्यांच्या खुणा त्यांनीं टिपून आणल्या. मृतांच्या आंकड्यांविषयीं वाद घालतां येतो. भिंतीच्या भोंकांविषयीं कोण काय वाद घालणार?

होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ सालीं नवसारीस झाला. त्यांचें शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत झालें व कॅमेऱ्याची विद्या त्यांस माणेकशा यांजकडून मिळाली. हेच पुढें त्यांचे पति झाले. आरंभीं त्यांचीं चित्रें पतीच्या नांवानें छापलीं जात, कारण बाईमाणसाच्या नांवास संपादकांपुढें वजन नव्हतें. आमच्या विद्यार्थिनींनीं हें वाक्य पुन्हां वाचावें. १९४२ सालीं त्या दिल्लीस गेल्या. साडी नेसून, कॅमेरा घेऊन सायकलवर फिरणारी ही बाई मोठमोठ्या समारंभांत वावरे. ता. ३० जानेवारी १९४८ रोजीं त्या गांधीजींच्या प्रार्थनेस निघाल्या होत्या. पतीनें कामानिमित्त परत बोलाविलें. ती हळहळ त्यांस पुढें राहिली. गांधीजींची अंत्ययात्रा मात्र त्यांनीं टिपली. १९७० सालीं त्यांनीं हा व्यवसाय सोडला. नव्या छायाचित्रकारांचें वागणें त्यांस रुचेना. २०११ सालीं पद्मविभूषण मिळालें, आणि पुढल्याच वर्षीं त्या निवर्तल्या.

त्याच २०१२ सालीं सुनील जाना हेही गेले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचीं त्यांचीं चित्रें पाहवत नाहींत. भुकेल्या माणसापुढें कॅमेरा धरावा काय, हा प्रश्न आम्हांसही पडतो. पण तीं चित्रें नसतीं, तर दूरच्या शहरांतील लोकांनीं तो दुष्काळ किती मनावर घेतला असता?

पालकांस एक विनंति. आपल्या तालुक्यांतील घरोघरीं जुन्या ट्रंकांत फोटो व निगेटिव्ह पडलेल्या असतात. त्या रद्दींत घालूं नयेत. ओल लागणार नाहीं अशा जागीं कोऱ्या कागदांत ठेवाव्या, आणि फोटोची पाठ अवश्य पाहावी. पुष्कळदां तेथें फिकट शाईचा शिक्का असतो, व त्यांत छायाचित्रकाराचें नांव असतें.