परभणी जिल्हा

महाराष्ट्र राज्याच्या मराठवाडा विभागातील एक जिल्हा. क्षेत्रफळ सु. ६,२५० चौ. किमी. लोकसंख्या १८,३६,०८६ (२०११). क्षेत्रफळाच्या दृष्टीने तो राज्याचा सु. २ टक्के, तर लोकसंख्येच्या दृष्टीने सु. १·६ टक्के आहे. याच्या उत्तरेस बुलढाणा व हिंगोली, पूर्वेस हिंगोली व नांदेड, दक्षिणेस लातूर आणि पश्चिमेस बीड व जालना हे जिल्हे आहेत. प्रशासकीय दृष्ट्या तो छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचा औरंगाबाद) महसुली विभागात मोडतो. परभणी हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण होय. विसाव्या शतकात जिल्ह्याच्या सीमा दोनदा आकुंचित झाल्या. परंतु गोदावरी व पूर्णा या नद्या आणि त्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन हा त्याच्या जीवनाचा आधार कायम राहिला आहे.

भूवर्णन : जिल्हा दख्खनच्या पठारावर वसलेला असून बहुतेक प्रदेश बेसाल्ट या अग्निजन्य खडकाचा बनलेला आहे. स्थूलमानाने त्याचे तीन भाग पडतात. उत्तरेस जिंतूर तालुक्यात अजिंठा डोंगररांगेचे फाटे पसरले असून तेथील जमीन उंचसखल व हलकी आहे. दक्षिणेस गंगाखेड, सोनपेठ व पालम या तालुक्यांत बालाघाटच्या डोंगररांगेचे उतार येतात. या दोहोंच्या मधला विस्तृत सखल पट्टा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांनी घडविला आहे. समुद्रसपाटीपासून सु. ३५० मी. उंचीवर असलेले परभणी शहर याच पट्ट्यात वसले आहे. येथील काळी कसदार मृदा बेसाल्टच्या विदारणातून तयार झालेली आहे. ती ओलावा दीर्घकाळ धरून ठेवते. त्यामुळे पावसाळा संपल्यावरही केवळ जमिनीतील ओलीवर रब्बीची पिके घेता येतात. उन्हाळ्यात मात्र या जमिनीला खोल भेगा पडतात आणि अतिवृष्टीत पाण्याचा निचरा लवकर होत नाही.

नद्या व पाणीपुरवठा : गोदावरी पश्चिमेकडून जिल्ह्यात येते व सामान्यतः आग्नेय दिशेने वाहत नांदेड जिल्ह्यात जाते. तिच्यामुळे जिल्ह्याचे दोन असमान भाग झाले असून सोनपेठ, गंगाखेड व पालम ही तालुक्यांची ठिकाणे तिच्या दक्षिणेकडील भागात, तर उरलेली सहा उत्तरेकडील भागात आहेत. पूर्णा ही गोदावरीची महत्त्वाची उपनदी अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि पूर्णा तालुक्यात गोदावरीला मिळते. विदर्भातून वाहत जाऊन तापीला मिळणारी पूर्णा ही याहून वेगळी नदी होय. दुधना ही पूर्णेची उपनदी आहे. करपरा, मासोळी इ. लहान नद्या पावसाळ्याबाहेर बहुधा कोरड्या असतात.

पूर्णेवर जिंतूर तालुक्यात येलदरी येथे बांधलेले धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याची एकूण साठवणक्षमता सु. ९३·४ कोटी घ. मी. असून पायथ्याशी २२·५ मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत्‌केंद्र आहे. येलदरीतून सोडलेले पाणी खालच्या बाजूस हिंगोली जिल्ह्यातील सिद्धेश्वर धरणात अडवून तेथून कालव्यांनी शेतीला दिले जाते. पैठण येथील जायकवाडी प्रकल्पाचा २०८ किमी. लांबीचा डावा कालवा पाथरी, मानवत व परभणी या तालुक्यांतील जमिनीस पाणी पुरवितो. यांशिवाय सेलू तालुक्यात निम्न दुधना, गंगाखेड तालुक्यात मासोळी हे प्रकल्प आणि गोदावरीवर ढालेगाव, मुदगल येथे बंधारे आहेत.

अशा रीतीने जिल्ह्यातील मोठ्या सिंचनाचे भवितव्य बऱ्याच अंशी त्याच्या सीमेबाहेर ठरते. जायकवाडीचा जलाशय भरणे हे नासिक व अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) या जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून येणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते आणि परभणीची जमीन कालव्याच्या शेवटच्या टप्प्यात येते. टंचाईच्या वर्षी त्याची झळ प्रथम या भागास लागते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले असले, तरी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न अवर्षणाच्या वर्षांत पुनःपुन्हा वादाचा ठरला आहे.

हवामान : हवामान उष्ण व कोरडे आहे. मे महिन्यात कमाल तापमान ४२° से. च्या वर जाते. हिवाळ्यात उत्तरेकडून थंडीची लाट आली म्हणजे येथील किमान तापमान काही वेळा ५° से. च्या खाली उतरते; महाराष्ट्राच्या पठारी प्रदेशातील नीचांकी नोंदींत परभणीचे नाव वरचेवर आढळते. पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून पडतो. वार्षिक सरासरी सु. ८०० ते ९५० मिमी. असली, तरी पावसाची अनिश्चितता हे येथील हवामानाचे मुख्य लक्षण होय.

इतिहास व प्रशासन : परभणीचे जुने नाव प्रभावतीनगरी असल्याचे व ते प्रभावती देवीच्या मंदिरावरून पडल्याचे सांगितले जाते. हा प्रदेश देवगिरीच्या यादवांच्या सत्तेखाली होता. पुढे तो बहमनी राज्यात गेला. त्या राज्याच्या विघटनानंतर पाथरी परगण्यासाठी वऱ्हाडची इमादशाही व अहमदनगरची निजामशाही यांत दीर्घकाळ झगडा चालला. कारण निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे कुळकर्णी असल्याचे फिरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. मोगलांनंतर १७२४ पासून हा प्रदेश हैदराबादच्या निजामाकडे राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सालारजंग यांच्या जिल्हाबंदीने महसुली व्यवस्थेस निश्चित रूप आले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपुष्टात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात समाविष्ट झाला.

त्या वेळी परभणी, जिंतूर, पाथरी, गंगाखेड, परतूर, हिंगोली, कळमनुरी व वसमत असे आठ तालुके होते. १ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्याच्या निर्मितीबरोबर परतूर तालुका वेगळा झाला. १ मे १९९९ रोजी हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे पाच तालुके मिळून हिंगोली जिल्हा स्थापन झाला. या विभाजनाने औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगक्षेत्र व सिद्धेश्वर धरण परभणीच्या सीमेबाहेर गेले. जिल्हा कचेरी जवळ आल्याने उत्तरेकडील जनतेची सोय झाली. मात्र पूर्णा प्रकल्पाचे धरण, कालवे व लाभक्षेत्र यांची जिल्ह्याजिल्ह्यांत वाटणी झाली.

सध्या जिल्ह्यात परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा असे नऊ तालुके आहेत. परभणी, जिंतूर, पाथरी व गंगाखेड असे चार विधानसभा मतदारसंघ आहेत. परभणी लोकसभा मतदारसंघात हे चार आणि जालना जिल्ह्यातील परतूर व घनसावंगी यांचा समावेश होतो. महसुलाच्या दृष्टीने दुरावलेले परतूर मतदारसंघाच्या रूपाने असे परभणीशी जोडलेले आहे. परभणी नगरपरिषदेचे २०११ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले.

लोक व समाजजीवन : २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यात ९,४२,८७० पुरुष व ८,९३,२१६ स्त्रिया होत्या. दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण ९४७ असून ते राज्याच्या ९२९ या प्रमाणापेक्षा अधिक आहे. लोकसंख्येची घनता दर चौ. किमी. स सु. २९४ (राज्य ३६५) होती. २००१–११ या दशकात लोकसंख्या २०·१८ टक्क्यांनी वाढली. साक्षरतेचे प्रमाण सु. ७३ टक्के असून राज्याच्या सु. ८२ टक्क्यांच्या मानाने ते बरेच कमी आहे. नागरी लोकसंख्या सु. ३१ टक्के असून तिच्यातील निम्म्याहून अधिक, म्हणजे सु. ३·०७ लक्ष लोक एकट्या परभणी शहरात राहत होते. इतर नगरे लहान असून ती मुख्यतः बाजारपेठा आहेत.

मराठी ही प्रमुख भाषा असून उर्दू, हिंदी व बंजारा समाजाची बोली याही बोलल्या जातात. लोकसंख्येत सु. एक षष्ठांश मुस्लिम व सु. एक दशांश बौद्ध आहेत. पुण्याप्रमाणेच आसपासच्या ऊसपट्ट्याकडेही होणारे हंगामी स्थलांतर हा सामाजिक जीवनातील एक कठीण प्रश्न आहे. त्यात मुलांच्या शाळा मध्येच सुटतात.

आर्थिक स्थिती : शेती हा प्रमुख व्यवसाय होय. ज्वारी व कापूस ही परंपरागत पिके असून येथील बारीक धाग्याचा गावरानी कापूस एके काळी प्रसिद्ध होता. मानवत व सेलू येथील सरकी काढण्याचे व गासड्या बांधण्याचे कारखाने त्यामुळेच वाढले. अलीकडच्या दशकांत सोयाबीनखालील क्षेत्र झपाट्याने वाढून ज्वारीचे क्षेत्र घटले. ज्वारीपासून धान्याबरोबर कडबाही मिळत असे. त्यामुळे या बदलाचा परिणाम जनावरांच्या वैरणीवरही झाला आहे. तूर, मूग, हरभरा, गहू, करडई व बागायती भागात ऊस ही अन्य पिके होत.

परभणी येथे १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय व १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. पीतशिरा रोगास प्रतिकारक्षम असा भेंडीचा ‘परभणी क्रांती’ हा तेथील वाण देशभर परिचित आहे. कोरडवाहू शेतीचे संशोधन हे विद्यापीठाचे प्रमुख कार्य असून जिल्ह्याच्या बहुतांश जमिनीस पावसाचाच आधार असल्यामुळे त्याला विशेष महत्त्व आहे.

दळणवळण : मनमाड–काचीगुडा लोहमार्ग जिल्ह्यातून जातो. परभणी येथून परळीकडे व पूर्णा येथून अकोल्याकडे फाटे निघतात. कल्याण–निर्मळ राष्ट्रीय महामार्ग (क्र. ६१) पाथरी, मानवत व परभणी येथून जातो.

महत्त्वाची स्थळे : गंगाखेड हे गोदाकाठचे गाव संत जनाबाईचे जन्मस्थान मानले जाते. जिंतूरजवळील नेमगिरी येथे जैन लेणी आहेत. चारठाणा येथे यादवकालीन मंदिरे, मानस्तंभ व बारव, तर धारासूर येथे गुप्तेश्वर मंदिर आहे. पोखर्णी येथील नृसिंह मंदिर व मुदगल येथील मुदगलेश्वर ही यात्रास्थाने होत. पाथरी हे साईबाबांचे जन्मस्थान असल्याची अनेकांची श्रद्धा आहे. परभणी येथील तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसास सर्वधर्मीय लोक जमतात. पालम तालुक्यातील जांभूळबेट हे गोदावरीच्या पात्रातील निसर्गरम्य बेट असून पूर व धूप यांपासून त्याचे रक्षण करणे आवश्यक आहे. सातोना येथे जन्मलेले कवी व कथाकार बी. रघुनाथ (१९१३–५३) यांचे वास्तव्य परभणीत होते.